गळक्या डब्यातला अबीब महिना

भिंतीवर नवं कॅलेंडर लागलं की माझी भाची फोनवरून न चुकता विचारते, “आत्या, जवाला विचारलंस ना?” आणि पलीकडे तिची मुलं फिदीफिदी हसतात. ही भाची त्या वेळी दीड वर्षाची होती, तिला यातलं काही आठवत असणं शक्य नाही. पण आमच्या घरात दागिने फारसे नव्हते, त्यामुळे फजित्याच वारसाहक्काने पुढे जातात. आणि ही फजिती तर सगळी माझी, स्वकष्टार्जित.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे यहुदी. आजोबा अलिबागकडून मुंबईत आले, बाबांनी मुलुंडला दोन खोल्या घेतल्या, आणि घाण्याची आठवण म्हणून आमच्याकडे फक्त आईचं तेलाबाबतचं नाक उरलं. मी सांगतेय ती ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. मी एकवीस वर्षांची, अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात टायपिस्ट. चष्मा साडेपाच नंबरचा आणि मत प्रत्येक गोष्टीवर.

बाबा जाऊन दीड वर्ष झालं होतं. दादा मुलुंडलाच एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. त्याचं, वहिनीचं आणि त्या भाचीचं इस्राएलला कायमचं जायचं ठरलं. तेव्हा आमच्यात घराघरातून कुणी ना कुणी जातच होतं, त्यात नवल नव्हतं. डिसेंबरात तिकिटं आली. मार्चच्या अखेरची.

आईने तिकीट हातात घेतलं नाही. ती सरळ भिंतीकडे गेली. तिथे आमच्या समाजाचं छापील पंचांग लटकत असे, इंग्रजी तारखांच्या खाली आपले हिब्रू महिने. तिने बोट ठेवून ओळ खाली खाली नेली आणि थांबली.

“पेसाख एप्रिलच्या शेवटाला आहे,” ती म्हणाली. “म्हणजे तू नसणार.”

“अगं, तिकडेही असतोच की पेसाख,” दादा म्हणाला. “तिकडूनच तर आला.”

“तिकडे असेल. माझ्या टेबलाशी नाही.”

एवढं बोलून ती तांदूळ निवडायला बसली. निवडलेलेच तांदूळ पुन्हा.

हे जरा सांगायला हवं. पेसाख म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याचा सण. आजी त्याला जुन्या कोकणी रिवाजाने अनाशी ढाकाचा, म्हणजे आंबवणाचं भांडं झाकून ठेवायचा, सण म्हणायची. त्याच्या पहिल्या रात्री सेदर असतो. सगळं घर टेबलाभोवती बसतं आणि घरचा कर्ता डाव्या अंगाला लोड घेऊन, राजासारखा रेलून, सुटकेची गोष्ट वाचतो. गुलामाला रेलता येत नाही, म्हणून. आमच्याकडे ते बाबा करत. ते गेल्यावर आलेल्या सेदरला दादाने “मला जमणार नाही” म्हणून अंग काढून घेतलं आणि आमचे हज्जानकाका, म्हणजे प्रार्थनागृहात प्रार्थना चालवणारे, बाबांचे जुने दोस्त, येऊन वाचून गेले. तेव्हा आई दादाला म्हणाली होती, “या वर्षी सोडलं. पुढच्या वर्षी तू त्या जागेवर बसायचंस.” बाबांच्या लोडाला तिने नवा अभ्रासुद्धा शिवून ठेवला होता. आता ते पुढचं वर्ष विमानाने निघालं होतं. आई आयुष्यात फारसं काही मागत नसे, त्यामुळे तिने मागितलेलं नाकारायची आम्हाला सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडता उघडता, माझ्या डोक्यात वीज चमकली.

बाबा सांगायचे, पूर्वी असलं छापील पंचांग नव्हतं. दोन माणसांनी नवी चंद्रकोर डोळ्यांनी पाहायची, न्यायसभेपुढे साक्ष द्यायची, की महिना सुरू. आणि वर्षाचा पहिला महिना अबीब. अबीब म्हणजे जवाचं कणीस दाण्यावर आलं आहे असा महिना. आपल्याकडच्या भाषेत हुरड्याचा. दाणा दाबला तर दूध निघत नाही, भाजला तर खायला काही उरतं, ती वेळ. हा महिना आला की त्याच्या चौदाव्या दिवसाच्या संध्याकाळी पेसाख. पण जव कच्चाच असेल तर? तर वर्षाला एक तेरावा महिना जोडायचा आणि सणाने थांबायचं.

आणि त्या वर्षीच्या पंचांगात तेरावा महिना होता! अदार हा वर्षातला शेवटचा महिना, तो दोनदा! दुसरा अदार! त्याच्यामुळेच पेसाख घसरत एप्रिलअखेरीला गेला होता. दुसरा अदार कशासाठी? तर जव कच्चा म्हणून. कच्चा आहे हे सांगितलं कुणी? शेकडो वर्षांपूर्वी हिशेब मांडून ठेवलेल्या लोकांनी! प्रत्यक्ष जवाला कुणी विचारलं?

समोर माझी पॅकिंग खात्यातली मैत्रीण बसली होती, मढची कोळीण. मी भाकरीचा तुकडा हवेत धरून तिला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे सुक्या बोंबलाचं डोकं बाजूला काढलं.

“म्हणजे तुमच्यात पण धोंड्याचा महिना असतो?”

“तसंच समज.”

“मग जावयाला अनारसे देता?”

“अगं, अनारशांचं काय घेऊन बसलीस! हा धोंडा रद्द झाला तर सण एक महिना आधी येतो. मार्चमध्ये! दादाच्या विमानाच्या आधी!”

“मग कर की रद्द,” ती म्हणाली. “कोण नाय बोलतंय?”

हेच मला ऐकायचं होतं.

संध्याकाळी मुलुंडच्या किराणावाल्याकडून मी पावशेर जव आणला. तो समजला हवनासाठी आहे, आणि सोबत समिधांची जुडी घ्यायचा आग्रह करू लागला. घरी येऊन मी आईला योजना सांगितली. आईने ऐकून घेतलं. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. फक्त म्हणाली, “पेरायचं तर नीट पेरायचं,” आणि पदर खोचला.

इथे आमच्या घराण्याचं शेतकीज्ञान कामाला आलं. आईचं बालपण भातशेतीत गेलेलं. माती तिने मळून मळून चिखल केली. दोन घमेल्यांत दाट रोपं उगवून घेतली. ती वीतभर होताच एकेक उपटून, पुन्हा चिखलात, ओळीने, लावणी! वर दोन बोटं पाणी तुंबवून ठेवलं. लावणी करताना ती गाणंसुद्धा गुणगुणत होती, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच. मी बाजूला उभी राहून टाळ्या वाजवल्या. उरलेली थोडी रोपं तिने वनस्पती तुपाच्या एका जुन्या डब्यात लावली. डबा बुडाला गंजून गळत होता. त्यात पाणी ठरेना, म्हणून आई त्याच्यावर नाराज होती. “हा गळका काही कामाचा नाही,” म्हणून तो गॅलरीच्या कोपऱ्यात गेला.

आठ दिवसांत दोन्ही घमेली पिवळी पडली. मग तपकिरी. मग वास.

सकाळी दूध घालायला भैया येत असे, मागच्या तबेल्यातला, जौनपूरकडचा. दाराशी माप ओतताना त्याने नाक आक्रसलं, गॅलरीत डोकावला आणि किटली खालीच ठेवली.

“ई का है, भाभीजी? जौ है?”

“हां, जव है,” आई अभिमानाने म्हणाली. “लावणी किया है.”

भैया इतका हसला की शेजारचं दार उघडलं. “अरे, जौ को डुबा के मार दिया! ई धान थोड़े है!”

आईचा चेहरा पडला. हजार-दोन हजार वर्षं भात खाल्लेल्या माणसांनी आपल्या मूळ देशाचं पीक असं बुडवून मारलं होतं, आणि ते सांगायला जौनपूरचा माणूस यावा लागला. मी तर तोंड लपवायला स्वयंपाकघरात गेले. तेवढ्यात भैया ओरडला, “ई वाला जिंदा है!”

गळका डबा. त्यात पाणी ठरलं नव्हतं म्हणून रोपं वाचली होती. मोजून अकरा.

त्या दिवसापासून घराचा कारभार भैयाच्या हातात गेला. पाणी किती, ऊन किती, शेणखत किती. खत तो तबेल्यातून स्वतः आणायचा, दुधाच्याच सायकलवर, ते आम्ही शेजाऱ्यांना सांगितलं नाही. मी कामावर निघताना डब्याला नमस्कार करायची तेवढी बाकी होती. दादा चिडवायचा, “पूर्वजांच्या अख्ख्या कनान देशाचं शेत आणि आमचा तुपाचा डबा!” वहिनी म्हणायची, “सामान बांधायला मदत करायची सोडून ही बाई गवत राखत बसलीय.” पण एका सकाळी मी लवकर उठले तर दादा गॅलरीत उकिडवा बसून डबा हळूच उन्हाकडे फिरवत होता. मला पाहून म्हणाला, “वाटेत येत होता म्हणून सरकवला.” मी गप्प राहिल्याचा आमच्या घरातला तो बहुधा पहिलाच प्रसंग.

फेब्रुवारीच्या मध्याला पहिलं कणीस बाहेर आलं. हिरवंगार, लांब लांब मिशांचं. मी आनंदाने इतकी ओरडले की भाची घाबरून रडायला लागली. मग दुसरं, तिसरं, चौदा कणसं झाली. रोज सकाळी भैया एक दाणा काढून नखाने दाबायचा.

“दूध है अभी.”

उद्या पुन्हा. “दूध है.”

“बघ,” दादा म्हणाला, “हा रोज आपल्या दुधात पाणी आहे की नाही सांगत नाही, जवात दूध आहे की नाही ते बरोबर सांगतो.” पण त्यानेही भैयाकडून दाणा दाबायची रीत शिकून घेतली. अंगठ्याचं नख आडवं लावायचं, जोर द्यायचा नाही.

पंचांगातला पहिला अदार संपत आला. पुढची चंद्रकोर दिसायची ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी. त्या दिवशी जव तयार असला तर ती कोर अबीबची. नसला तर पंचांगवाले जिंकले, दुसरा अदार सुरू आणि दादा विमानात. सोमवारी दूध निघालं. पातळ नाही, दाटसर, पण दूधच. आई त्या दिवशी जेवली नाही, पोट बरं नाही म्हणाली.

मंगळवारी भैयाने दाणा दाबला. पुन्हा दाबला. तिसरा दाणा घेऊन दाताखाली फोडला. मी गॅलरीचा कठडा धरून उभी.

“अब दूध नाहीं है,” तो म्हणाला. “भून लो, दाना बचेगा.”

मी भैयाला मिठीच मारणार होते. किटली मध्ये आली म्हणून वाचला.

आता चंद्र. मुलुंडची अडचण अशी की पश्चिमेला डोंगर आहेत. कोवळी कोर सूर्यामागोमाग लगेच मावळते, ती आमच्या वाट्याला येण्याआधीच डोंगर गिळून टाकतो. उघडा समुद्र पाहिजे. मी पाचला टाइपरायटरवर झाकण टाकलं आणि मैत्रिणीबरोबर पळत सुटले. वर्सोव्याला बस, तिथून मढची होडी. होडीवाल्याला मैत्रीण सांगत होती, “काका, जरा ताणा हो, हिचा सण निसटतोय!” होडीत बसलेल्या मासळीच्या टोपल्यांसकट सगळ्यांना विषय कळला आणि सगळे पश्चिमेकडे बघू लागले.

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा सूर्य बुडत होता. मैत्रिणीची आई वाळत घातलेले बोंबील गोळा करत होती. आम्ही वाळूत उभ्या. आकाश केशरी, मग जांभळट. मी चष्मा ओढणीने पुसला. पुन्हा पुसला. आणि मला दिसली! बारीक, रुपेरी, वाकलेली कड, थोडी उजवीकडे!

“दिसली! दिसली गं! तिकडे!”

मैत्रिणीने माझ्या बोटाच्या रोखाने पाहिलं आणि कपाळावर हात मारला. “अगो वेडे, तो बंगला आहे! शूटिंग चाललंय तिथे. चंदेरी पत्रा आहे तो, नट्यांच्या तोंडावर उजेड पाडायचा!”

गच्चीवर खरंच चारपाच माणसं होती आणि एकजण तो रुपेरी कागद लावलेला पत्रा वाकवून धरून उभा होता. त्याची कड चमकत होती. मी एका सिनेमाच्या पत्र्यावरून पवित्र महिना सुरू करून बसणार होते.

मैत्रिणीची आई मान वर न करता म्हणाली, “काल अवस झाली, आज पाडवा. बीजेचा चांद कुणी पण बघतो, पाडव्याचा बघायला डोळा लागतो. तिकडे नको बघूस. सूर्य जिथे बुडाला ना, तिथून वर ये. चार बोटं. आणि जरा दम धर.”

मी दम धरला. तो माझ्याकडे कधीच नसतो, तो उसना धरला. केशरी उतरून तिथे एक फिकट हिरवट पट्टा राहिला, आणि त्या पट्ट्यात, कुणी नखाने ओरखडा काढावा तशी, ती होती. इतकी बारीक की पापणी लवली की हरवायची. पुन्हा सापडायची. मैत्रीण माझा दंड दाबत म्हणाली, “दिसतेय ना? दिसतेय ना तुला?” मी नुसती मान हलवत होते. चष्म्याच्या काचा आतून ओल्या झाल्या आणि चंद्र दोन झाले. मी ते पुसलं आणि एकच ठेवला, साक्ष खोटी नको म्हणून.

घरी पोचले तर हज्जानकाका आलेले. आईने निरोप धाडला होता. काकांचं पोटापाण्याचं काम घड्याळदुरुस्तीचं, त्यामुळे वेळेशी खेळलेलं त्यांना खपत नसे. दारातच मी म्हणाले, “काका, चंद्र पाहिला! साक्षीदार तीन आहेत! आणि जव तयार आहे!”

काका खुर्चीत सरळ झाले. “थांब. शिंगं कुणीकडे होती?”

“वर. होडीसारखी.”

“सूर्याच्या डावीकडे की उजवीकडे?”

“जरा डावीकडे. जवळजवळ वरच.”

“किती उंच?”

“चार बोटं.”

“कुणाची?”

“मैत्रिणीच्या आईची.”

काकांचे डोळे लकाकले. पुढे सरकून त्यांनी मला आणखी दहा प्रश्न विचारले, कोर जाड होती का, ढग होता का, पाण्यात तर नाही पाहिली. जुन्या न्यायसभेत असेच विचारत, म्हणे. “चाळीस वर्षं मी हे वाचत आलो,” ते आईला म्हणाले, “पण मला येऊन कुणी साक्ष दिली नव्हती हो!” मग ते गॅलरीत गेले, एक दाणा दाबला, बोट पाहिलं आणि बराच वेळ डब्यापाशी उभे राहिले. आत आले तेव्हा पुन्हा घड्याळजी झाले होते.

“पोरी, तू म्हणतेस तसंच होतं पूर्वी. पण बाईची साक्ष तेव्हा घेत नसत.”

(दुसऱ्या दिवशी हे ऐकून माझी मैत्रीण भडकली होती. “म्हणजे काय? डोळे काय बाईचे वेगळे असतात?”)

“ते सोडून देऊ,” काका म्हणाले. “पण जव तिथल्या जमिनीचा लागतो. त्या मातीत, त्या थंडीत. हा मुंबईच्या उकाड्याला घाबरून पिकलाय. मुलुंडच्या तुपाच्या डब्याला अख्ख्या समाजाचा सण हलवायचा अधिकार नाही. दुसरा अदार आहे. पंधरवड्याने पुरीमचा सण, आणि पेसाख एप्रिलात.”

मी वाद घातला. आवाज चढवला. दादा म्हणाला, “जाऊ दे गं.” तो उठून गॅलरीत डब्यापाशी गेला, म्हणून मीही थांबले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई बोलली.

“पुरीमला सोंगं चालतात ना?”

“चालतात की. रिवाजच आहे. मुलं राजा होतात, राणी होतात…”

“मग माझा मुलगा त्याच्या बापाचं सोंग घेईल. एक संध्याकाळ. त्याला मनाई आहे का?”

काका हसले, आणि हसता हसता टोपी सारखी केली. “सोंगाला मनाई नाही. पण अटी आहेत. खरा सेदर एप्रिलात करायचा तो करायचाच. आणि आशीर्वाद म्हणताना देवाचं नाव घ्यायचं नाही. ते खेळात घेत नाहीत. नावाच्या जागी गप्प राहायचं, आणि पुढे वाचायचं.”

माझ्या चंद्रापासून चौदावी संध्याकाळ. पुरीम नुकताच संपत होता, पण सोंगाचा रंग एका दिवसात थोडाच उतरतो! आईने मनुका भिजवून सरबत केलं, खजुराचा शिरा केला, आणि पेसाखच्या बिनखमिराच्या भाकरीच्या जागी तांदळाची भाकरी ठेवली, सोंगातली. डबा टेबलाच्या मधोमध. पूर्वेला खाडीच्या बाजूने पूर्ण चंद्र वर आला. तिकडे डोंगर नाहीत, तो मुलुंडला फुकट मिळतो. आणि खाली आमच्या कंपाउंडमध्ये होळी पेटली.

दादा बाबांच्या जागेवर बसला. नव्या अभ्र्याचा लोड डावीकडे. आधी तो त्याच्यावर रेलेचना, मुलाखतीला बसल्यासारखा ताठ. आई म्हणाली, “रेल. मोडत नाही तो.” मग रेलला. पहिलं पान त्याने अडखळत वाचलं, काकांनी दोनदा चुका काढल्या. पहिला आशीर्वाद आला. तो नावापाशी पोचला, थांबला, आणि त्या मोकळ्या जागेत खालून अख्ख्या कंपाउंडने बोंब ठोकली. भाची टाळ्या वाजवू लागली. दादाचे खांदे हलायला लागले, वहिनीने पदर तोंडात कोंबला, काका “शांत, शांत!” म्हणत स्वतःच हसत होते. दुसऱ्या आशीर्वादाला तो थांबला तर खालून “होळी रे होळी, पुरणाची पोळी!” पण तिसऱ्या पानापासून त्याचा सूर लागला. बाबा जिथे श्वास घ्यायचे तिथेच त्याने घेतला, आणि काकांनी चुका काढायचं बंद केलं.

घरातल्या सर्वांत धाकट्याने विचारायचं असतं, आजची ही रात्र बाकीच्या रात्रींहून वेगळी का. भाचीला बोलता येत नव्हतं, म्हणून एकवीस वर्षांच्या मी विचारलं. दादाने पुस्तकातून डोकं वर काढलं. “कारण तुझ्या जवाला घाई झाली,” तो म्हणाला. आईसुद्धा हसली. ती सबंध वेळ पुस्तकाकडे पाहत नव्हती, लोडाकडे पाहत होती.

कणसं कुणी खाल्ली नाहीत. नवा जव सणाच्या आधी खात नाहीत, आणि सण आलाय हे फक्त आम्ही म्हणत होतो.

चौथ्या दिवशी ते तिघं सहार विमानतळावरून उडाले. ते मी लिहीत नाही.

एप्रिलच्या शेवटी, खऱ्या सेदरच्या आदल्या दिवशी दादाचं पत्र आलं. त्यांना डोंगराळ भागात घर मिळालं होतं, अजून थंडी होती. बाकी सगळं सोडून त्याने अर्धं पान जवावर लिहिलं होतं. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी उतारावर एक शेत दिसलं, त्याने वाकून एक दाणा काढला आणि भैयाने शिकवल्यासारखा नखाने दाबला. “आईला सांग, अजून दूध आहे. पंचांग बरोबर होतं. शेतवाला मला चोर समजला.”

मी पत्र दोनदा वाचलं. “डोंगरावर दूध असेल,” मी म्हणाले. “सपाटीवरचं कुणी पाहिलंय?”

“तू पण तशीच,” आई म्हणाली. “उकाड्याने पिकलेली.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भैयाला बोलावून पत्रातलं ते वाक्य त्याला हिंदीत सांगितलं. तो मान डोलावत म्हणाला, “ठंडा मुलुक है, टैम लगेगा.”

सेदरला आम्ही तिघंच. हज्जानकाका बाबांच्या जागेवर बसले नाहीत, शेजारची खुर्ची ओढून बसले. लोड तिथेच होता. या वेळी सगळं खरं होतं, भाकरी बिनखमिराची, नाव पूर्ण. काका पहिला आशीर्वाद सरळ म्हणून गेले आणि आमेनला आई एक क्षण मागे राहिली. दुसऱ्यालाही तसंच. काका थांबले.

“काय झालं, वहिनी? चुकलो का?”

“नाही हो,” आई म्हणाली. “तुमचं बरोबर आहे. त्याने इथे जागा सोडली होती, तिची सवय झाली.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिसऱ्या आशीर्वादात नावाच्या अलीकडे ते थोडे थांबले. नियमात बसत नसावं ते. खाली कंपाउंडमध्ये कुणीच नव्हतं, त्यामुळे त्या जागेत काहीच ऐकू आलं नाही. मग त्यांनी नाव घेतलं, आणि या वेळी आईचं आमेन माझ्याबरोबर आलं.